बोअरच्या पाण्याचा पीएच कसा समजायचा आणि ॲसिड किती घ्यायचं ते कसं काढायचं

ड्रिपरमध्ये साचलेला चुना काढायला ड्रिपला (ठिबकला) ॲसिड किती सोडायचं हा प्रश्न आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात दर सीझनला निघतो आणि उत्तरही ठरलेलं असतं, शेजारच्याने सोडलं तेवढं. आता शेजारच्याचा बोअर वेगळा, खोली वेगळी, पाण्याला चव वेगळी, तरी माप तेच. माझं म्हणणं एकच आहे भाऊ, पीएचचा आकडा म्हणजे ॲसिडचं माप नाही. दोन बोअरचं पाणी मीटरवर सेम ७.८ दाखवत असलं तरी एकाला दुसऱ्याच्या दुप्पट ॲसिड लागू शकतं. असं का होतं आणि आपल्या पाण्याला नेमकं किती लागतं ते घरच्या बादलीत कसं काढायचं, तेवढं नीट सांगतो. केळी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण मिरची, लिंबू, कापूस, कुणालाही हेच लागू.

आधी आकडा समजून घ्या. पीएच, म्हणजे आपल्या माती परीक्षणाच्या रिपोर्टवर जो सामू लिहिलेला असतो तोच, साधारण ० ते १४ मध्ये मोजतात. ७ म्हणजे उदासीन, ७ च्या खाली आंबट बाजू म्हणजे आम्ल, ७ च्या वर खारी बाजू म्हणजे अल्क. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण हा आकडा येतो कुठून ते कुणी सांगत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. पाण्यात हायड्रोजनचे आयन असतात, ते जास्त तर पाणी आंबट. शुद्ध पाण्यात एका लिटरला हे आयन ०.०००००१ च्याही दहाव्या हिश्श्याएवढे असतात, म्हणजे ०.००००००१ मोल (मोल म्हणजे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक), पॉइंटनंतर सातव्या जागेवर १, म्हणून पीएच ७. तो १ चौथ्या जागेवर आला, ०.०००१, की पीएच ४. एवढंच गणित. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाचा केमिस्ट होता, १९०९ साली त्याने ही पद्धत काढली, एवढे शून्य लिहीत बसण्यापेक्षा एक आकडा बरा म्हणून.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आकडा जेवढा लहान तेवढं ॲसिड जास्त, उलटं आहे हे डोक्यात फिट करून घ्या. दुसरी जास्त महत्त्वाची, प्रत्येक घर दहा पटीचं आहे. ६ पेक्षा ५ दहा पट आंबट, ७ पेक्षा ५ शंभर पट, आणि ८ चं पाणी ४ वर आणलं म्हणजे हायड्रोजन आयन दहा हजार पट वाढवले. म्हणून रिपोर्टमध्ये ७.८ च्या जागी ८.३ आलं तर "पॉइंट पाचचाच फरक आहे ना" म्हणून सोडून देऊ नका, तो तीन पटीपेक्षा जास्त फरक आहे. आणि सरासरीही काढू नका. साध्या ॲसिडचं पीएच ४ चं पाणी आणि ६ चं पाणी समान घेऊन मिसळलं तर ५ येत नाही, ४.३ च्या आसपास येतं.

अंदाज यावा म्हणून घरातल्या वस्तू बघा. लिंबाचा रस २ ते २.५, ताक साडेचारच्या आसपास, दूध ६.६, आपलं रक्त ७.३५ ते ७.४५, खायचा सोडा पाण्यात टाकला की ८.३, चुन्याची निवळी १२.४. पावसाचं स्वच्छ पाणीसुद्धा ७ नसतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते ५.६ च्या आसपास असतं. पोरांना दाखवायचं असेल तर कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा आणि त्याच्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, लाल होतो, वरून लिंबू पिळलं की परत पिवळा. बिबड्यांच्या पिठात घालतात त्या पापडखाराच्या पाण्यानेही लाल होतो. पण हळदीला साधारण ८ च्या वरचंच कळतं, ५ आणि ७ मधला फरक तिला दिसत नाही, म्हणून शेतीच्या कामाला ती चालत नाही. लिटमसचंही तेच, तो फक्त आम्ल की अल्क सांगतो, किती ते सांगत नाही.

कामाला येणाऱ्या वस्तू दोनच, १ ते १४ वाली रंगाची पीएच पट्टी आणि पेनसारखा डिजिटल मीटर. पट्टी स्वस्त आहे, बिघडत नाही, ड्रिपच्या कामाला पुरते, फक्त रंग उन्हात नाही तर सावलीत जुळवून बघा आणि ओल्या हाताने डबीत बोटं घालू नका. मीटर घेतला तर त्याच्यासोबत बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण बनवायच्या, पुड्या येतात, ४.०१, ६.८६ आणि ९.१८ अशा, त्या फेकून देतात लोकं आणि मग मीटर काहीही दाखवतो. एक पुडी साधारण २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवतात, पुडीवर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या. बॅटरीत टॉपअप करायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी चालेल, बॅटरीचं ॲसिड नाही, बाटली नीट वाचून घ्या. आधी ६.८६ मध्ये बुडवून आकडा जुळवा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिश्यूने नुसतं टिपून घ्या, घासू नका, मग ९.१८ किंवा ४.०१, आपल्याला ज्या बाजूचं मोजायचंय ते. ॲसिडचं काम करताना ४.०१ वाला करायलाच पाहिजे. खालचा काचेचा गोळा कोरडा पडला की मीटर गेला समजा, म्हणून टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज द्रावण ठेवा, साधं किंवा डिस्टिल्ड पाणी भरून ठेवू नका. आणि मे महिन्यात मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत मीटर लटकवून ठेवायचा नाही, घरात न्या. तापमानाचं अजून एक, मीटरवर एटीसी (आपोआप तापमान दुरुस्ती) लिहिलेलं असतं ते फक्त मीटरची चूक दुरुस्त करतं, पाण्याचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो तो बदलतोच. २५ डिग्रीला उदासीन पाणी ७.० असतं, ४० डिग्रीला ६.८ च्या जवळ, आणि तरी ते उदासीनच असतं.

नमुना घेताना बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, बाटली काठोकाठ भरा, लगेच मोजा. खोलातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून असतो, वर आलं की तो उडतो आणि पीएच चढतो, म्हणून पाइपाच्या तोंडाशी मोजलेलं आणि शेततळ्यात दोन दिवस उभं राहिलेलं पाणी सारखं निघत नाही. जे पाणी ड्रिपला किंवा पंपात जाणार तेच मोजा.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, खोल बोअरला बऱ्याचदा भरपूर. तुम्ही ॲसिड टाकलं की आधी ते बायकार्बोनेट ॲसिड खाऊन टाकतं, पीएच फारसा हलत नाही, आणि बायकार्बोनेट संपलं की मग पीएच धाडकन खाली येतो. ही खाऊन टाकायची ताकद म्हणजे अल्कलिनिटी, आणि ती पीएचच्या आकड्यात दिसत नाही. पेलाभर पाणी आणि बंबभर पाणी हाताला सारखंच गार लागतं पण तापवायला लाकडं सारखी लागत नाहीत, तसं आहे हे. म्हणून शेजारच्याचं माप आपल्याला चालत नाही.

मग बादली घ्या. १० लिटर पाणी मोजून, प्लास्टिकची बादली, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नाही. बिनसुईची प्लास्टिक सिरिंज, हातात रबरी ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहायचं. जे ॲसिड ड्रिपला वापरणार तेच घ्या, समजा ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक. १ मिली टाका, लाकडी काडीने ढवळा, अर्धा मिनिट थांबा, आकडा लिहा. परत १ मिली. कडक पाण्यात आकडे साधारण असे पडतात, सुरुवात ७.८, पहिल्या मिलीनंतर ७.१ च्या आसपास, मग चाल मंदावते, चौथ्या मिलीला ६.३, सहाव्याला ५.९, सातव्याला ५.५, आणि आठवा मिली पडला की एकदम ४ च्या जवळ. बघण्यासारखं असतं ते. मधल्या टप्प्यात बादलीच्या बाजूंना बारीक बुडबुडे चिकटतात, तो बायकार्बोनेटमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड. त्याच टप्प्यात जोरात ढवळलं तर आकडा परत वर चढतो, मीटर खराब झालेला नसतो, गॅस उडाला म्हणून चढतो. शेवटी शेवटी मात्र अर्धा अर्धा मिली टाका, कारण तिथे एक मिली जास्त झाला तर ३ च्या खाली जातो.

तुमच्या पाण्याला ४ वर यायला १० लिटरला ८ मिली लागले म्हणजे लिटरला ०.८ मिली. शेजारच्याला त्याच ७.८ वरून ४ मिलीच लागले तर त्याचं लिटरला ०.४. आता ड्रिपचा हिशोब. ५ बाय ५ फुटावर एकराला १७४२ झाडं बसतात, झाडाला ४ लिटर तासाचे दोन ड्रिपर धरले तर तासाला १३,९३६ लिटर. ॲसिड १५ मिनिटं सोडायचं तर त्याचा चौथा हिस्सा, ३४८४ लिटर. गुणिले ०.८ मिली केलं की २.८ लिटर ॲसिड. शेजारच्याला त्याच एकराला १.४ लिटर. त्याने सांगितलेलं १.४ तुम्ही सोडलं असतं तर तुमच्या नळीत पाणी ६.३ वरच अडकलं असतं, ड्रिपरमधला पांढरा थर जिथल्या तिथे, आणि उलट त्याने तुमचं २.८ सोडलं असतं तर त्याचं पाणी अडीचच्या खाली गेलं असतं, व्हॉल्व्ह, फिटिंग, पंप, जे काही धातूचं आहे ते खायला मोकळं.

सोडण्याआधी ड्रिपर उघडून बघा आत काय आहे. पांढरा कडक थर असेल आणि त्याच्यावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफसला तर तो चुना, ॲसिडने जाईल. हिरवट बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, त्याला क्लोरीन ट्रीटमेंट लागते, ॲसिड नाही. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून मोटारीच्या खोलीत लावा: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र नाही, एका टाकीत नाही, एका दिवशी एकामागे एक नाही, क्लोरीन वायू निघतो आणि तो माणूस मारतो. तसंच पातळ करताना आधी पाणी, त्यात हळूहळू ॲसिड. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. अंगावर उडालंच तर सोडा-बिडा शोधत बसू नका, धो धो पाण्याने धुवत राहा, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टर.

ॲसिड व्हेंचुरीतून (पाण्याच्या ओढीने ॲसिड नळीत खेचणाऱ्या जोडणीतून) सोडताना शेवटच्या लॅटरलच्या (झाडांच्या ओळीतल्या नळीच्या) शेवटच्या ड्रिपरखाली पीएच पट्टी धरून बसा. तिथल्या थेंबाने पट्टीचा रंग ४ वर आणला की काम झालं, सगळ्या नळ्यांत ॲसिड पोचलं. मग सिस्टिम बंद करा, २४ तास तसंच राहू द्या, दुसऱ्या दिवशी सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीचे) व्हॉल्व्ह आणि लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा, सुटलेला चुना पांढऱ्या गढूळ पाण्यासारखा बाहेर येतो, स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. एवढ्या ॲसिडने झाडाला काही होईल का असं विचारतात, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तेवढं ॲसिड लगेच विझून जातं, काळजी नको.

फवारणीला हिशोब थोडा वेगळा. बरीचशी कीटकनाशकं-बुरशीनाशकं खाऱ्या पाण्यात फुटतात, पंपात असतानाच. कॅप्टानचं उदाहरण घ्या, पीएच ५ ला ते निम्मं व्हायला सुमारे ३२ तास लागतात, ७ ला ८ तास, आणि ८ ला फक्त दहा मिनिटं. म्हणजे ८ च्या पाण्यात बॅरल भरून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत निम्मं औषध गेलेलं. डायमेथोएट, मॅलेथिऑन हेही खाऱ्या पाण्यात लवकर फुटतात. म्हणून फवारणीचं पाणी ५.५ ते ६.५ मध्ये असलेलं बरं. इथे हायड्रोक्लोरिक आणू नका, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व वापरा. तीच बादली, १० लिटर पाण्यात अर्धा अर्धा ग्रॅम टाकत ६ पर्यंत या, समजा ४ ग्रॅम लागले तर २०० लिटरच्या बॅरलला ८० ग्रॅम. आधी पाणी दुरुस्त करायचं, मग औषध टाकायचं, उलटं केलं तर तोपर्यंत औषध खाऱ्या पाण्यातच बसतं. आणि कालवलं की मारून संपवा, उद्यावर ठेवू नका.

पण सरसकट सगळ्याला आंबट पाणी नाही हां. तांब्याची औषधं, कॉपर ऑक्सिक्लोराइड वगैरे, आंबट पाण्यात गेली की जास्तीचं तांबं सुटतं आणि पानं भाजतात. सल्फोनिल युरिया गटातली तणनाशकंही आंबट पाण्यात फुटतात. लेबलवर लिहिलेलं असतं, कृषी केंद्रवाल्याच्या तोंडी सांगण्यापेक्षा ते वाचा.

बोर्डो मिश्रण करणाऱ्या लिंबूवाल्यांनी तर पीएच बघितलाच पाहिजे. १ टक्क्याचं म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत ढवळायचं. चुना जुना, हवेने मेलेला असेल तर मोरचूद पूर्ण विझत नाही, मिश्रण आंबट राहतं आणि पानं-फळं भाजतात. मीटर नसला तरी याला एक पक्की चाचणी आहे, घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा सुरीचं पातं त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं म्हणून तो रंग दिसतो. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, पातं पुसून परत बुडवा, तांबूस येईनासं झालं की फवारायला घ्या.

जमिनीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे तो पण सांगतो. आपल्या तापी काठच्या काळ्या जमिनी बऱ्याचशा ७.५ ते ८.५ मध्ये असतात, केळीला ६ ते ७.५ बरा वाटतो, मग कोणीतरी सांगतं गंधक टाकून जमिनीचा पीएच ७ वर आणा. हिशोब करा. एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ८ लाख किलो माती. त्यात ५ टक्के मुक्त चुना असला तर ४० हजार किलो चुना. १ किलो गंधकाचं जमिनीत ॲसिड होऊन ते ३.१ किलोच्या आसपास चुना विझवतं, म्हणजे तो सगळा चुना संपवायला १३ टन गंधक एकराला. चुना शिल्लक असेपर्यंत पीएच ७.५ च्या फार खाली टिकत नाही, बादलीतल्या बायकार्बोनेटची तीच गोष्ट. म्हणून अख्ख्या जमिनीचा आकडा बदलायच्या मागे पैसे घालू नका, मुळाजवळच्या पट्ट्यापुरता विचार करा, शेणखत, कंपोस्ट, अमोनियम सल्फेटसारखी आंबट बाजूची खतं ड्रिपमधून थोडी थोडी, स्फुरदही एकदम मातीत न पुरता विभागून, नाहीतर कॅल्शियम त्याला धरून बसतो.

लोहाचं तर फारच होतं. सामू एक घर वाढला की मातीतलं फेरिक लोह विरघळायचं प्रमाण हजार पटीने कमी होतं, हजार पटीने. म्हणून जमिनीत लोह ढिगाने असूनही केळीचं नवीन पान पिवळट-पांढुरकं निघतं. जुनी खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र बघा, नवी वरची पडली तर लोह. नुसतं फेरस सल्फेट अशा जमिनीत टाकलं की ते थोड्याच वेळात अडकतं. चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं लोह, घ्यायचं तर पुडीवर कोणतं चिलेट ते वाचा, ईडीटीए साधारण ६.५ पर्यंतच टिकतं, डीटीपीए ७.५ पर्यंत, ८ च्या वरच्या जमिनीत ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए, ते महाग पडतं पण तिथे तेच काम करतं. पानावर फवारायचं असेल तर ईडीटीए चालतं, तिथे मातीचा संबंध नाही.

आणि खारवट आणि चोपण एक समजू नका. वर पांढरी बुकटी येते पण सामू ८.५ च्या खाली आणि ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता) ४ च्या वर, ती खारवट जमीन, तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं. सामू ८.५ च्या वर, ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी मुरतच नाही, ती चोपण, तिच्यात सोडियम बसलेला असतो आणि तिला जिप्सम लागतं. शेजारी विदर्भात पूर्णेचा खारपाणपट्टा आहे, तिथल्या शेतकऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो. साध्या चुनखडीच्या जमिनीत पीएच कमी करायला जिप्सम टाकून काही होत नाही, त्यात आधीच कॅल्शियम पोटभर आहे.

मातीचा सामू घरी बघायचा तर २० ग्रॅम वाळलेली चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधून मधून ढवळा आणि मीटर बुडवा. पण खर्चाचा निर्णय घ्यायचा असेल तर लॅबलाच द्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे, एक वीत खोल, काठाची माती खरवडून एकत्र, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची नको, खत दिल्यावर लगेच नको. सावलीत वाळवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. केळी-लिंबासाठी खालच्या थराचा नमुना वेगळ्या पिशवीत. आणि लॅबवाल्याला नुसता सामू नका सांगू, ईसी, मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब पण काढायला सांगा, पाण्याच्या बाटलीवर कार्बोनेट-बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम लिहून द्या. बोअरची खोली आणि नमुना कोणत्या महिन्यात घेतला तेही त्याच चिठ्ठीवर टाका, कारण पावसाळ्यानंतरचं पाणी आणि पातळी खाली गेल्यावरचं मे महिन्यातलं पाणी यांचे रिपोर्ट जुळत नाहीत.